पेंढ्याचं रेडकू

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. कागलच्या पुढं रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी असा गच्च भरलेला की आमची एसटी त्यांच्या मागून रखडत आली. शेवटी ड्रायव्हरनं शिव्या देणंसुद्धा सोडून दिलं. मुरगूडच्या स्टँडवर डेअरीचे मालक अमरसिंह स्वतः जीप घेऊन उभे होते. चहा घेतल्याशिवाय हलायचं नाही असा त्यांनी दमच दिला. चहात पाण्याचा थेंब नव्हता. माणूस पंचेचाळिशीचा, धिप्पाड, आणि बोलणं असं की शेजारच्या टपरीवाल्यालाही आमचं सगळं कळावं. डाव्या भुवईच्या वर कपाळात एक खोलगट खूण आहे. मी बघतेय हे बघून म्हणाले, लहानपणी म्हशीनं लाथ घातलेली, पण आपलं म्हशींवरचं प्रेम काही कमी झालं नाही.

डेअरी गावाबाहेर, चारी बाजूंनी ऊस. मला दिलेली खोली गोठ्याला लागूनच आहे आणि खिडकी थेट गोठ्यात उघडते. काम सोपं आहे. एका मोठ्या शहरातल्या कंपनीला इथलं दूध हवंय, पण जनावरांचे हाल न करता काढलेलं. त्यासाठी गोठा नियमांत बसवायचा आणि तसा दाखला मिळवून द्यायचा. नियम पाच मोकळिकांचे: जनावराला भूक-तहान नको, गैरसोय नको, दुखणं नको, भीती नको, आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे वागायची मुभा हवी. पुण्यात प्रयोगशाळेत मी हेच करत होते, तिथं उंदीर होते इतकंच. उंदराचा चेहरा बघून त्याला किती दुखतंय ते ठरवायचं. डोळे मिटलेत का, गाल फुगलेत का, कान कसे आहेत. शून्यापासून मोजायचं.

रोज लिहायला डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून लिहिते. सप्टेंबरात बाळ गेलं. थोडेच दिवस होतं. तेव्हापासून मला काही होत नाही. रडू नाही, राग नाही. दाताचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळ्या अंगाचं झालंय. तेजस्वी पाच वर्षांची आहे, ती कुशीत शिरते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि हा हात कुणाचा आहे असं वाटत राहतं. म्हणून तर आम्ही पुणं सोडून नवऱ्याच्या, अभिरामच्या घरी, इकडच्या मंगळवार पेठेत आलो, आणि म्हणून मी ही नोकरी धरली. डॉक्टर म्हणाल्या, कामाला लागा, मुलीवर परत जीव बसेल. बसायला हवा. तेवढ्यासाठीच आलेय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गोठा बघून थक्क झाले. गव्हाणी स्वच्छ, पाणी ताजं, म्हशींची अंगं तेल लावल्यागत. आणि शांतता. इतक्या म्हशी एका दावणीला आणि एकही हंबरत नाही. पुण्याच्या शिक्षणात आम्हाला सांगायचे, जनावर विनाकारण ओरडत नसेल तर निम्मी परीक्षा पास. इथं तर पूर्ण पास.

अमरसिंहांच्या आई भेटल्या. नाव बयाबाई, पण सगळे आक्का म्हणतात. सत्तरीच्या पुढच्या, काटक, नऊवारीचा ओचा घट्ट खोवलेला. त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा त्यांचा तळवा मिठानं खरखरीत झालेला जाणवला. लेकरं किती, असं विचारलं. एक, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि हात सोडला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मोना नावाची म्हैस आहे. हे नाव कुणी ठेवलं असं विचारल्यावर अमरसिंह लाजले. कॉलेजातली कुणीतरी असणार.

मोनाचं रेडकू दिवाळीत गेलं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. हे पुस्तकातलं मला माहीत होतं. पण इथं काय करतात ते आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. गोठ्यातला गडी कृष्णात धार काढायला बसला, आणि आक्कांनी काखेत धरून एक रेडकू आणलं. कातडं खरं, आत पेंढा. पायांच्या जागी काठ्या, डोळ्यांच्या जागी शिवण. आक्कांनी ते मोनाच्या तोंडापुढं ठेवलं. मोनानं हुंगलं, मग चाटायला लागली, आणि कृष्णातच्या चरवीत दुधाचा आवाज सुरू झाला.

आक्कांनी सगळं समजावून सांगितलं. कातडं सोलून मीठ-हळद चोळायची, सावलीत वाळवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, ठासून भरायचा. वर परत मीठ. मी विचारलं, म्हशीला कळत नाही का हे खोटं आहे.

"कळत न्हाय असं न्हाय," आक्का म्हणाल्या. "पर चाटाय कायतरी लागतंय की."

नियमावली काढून बघितली. पान्ह्याच्या इंजेक्शनला बंदी आहे, मारहाणीला बंदी आहे. पेंढ्याच्या रेडकाबद्दल एक अक्षर नाही. यात सुई नाही, काठी नाही, दुखणं नाही. उलट म्हशीला आईसारखं वागायला मिळतं, म्हणजे पाचवी मोकळीकही पुरी होते. मी 'हरकत नाही' असं लिहून दिलं. अमरसिंह खूश झाले. मलाही काम चोख केल्याचं बरं वाटलं, किंवा बरं वाटायला हवं होतं तिथं काहीतरी हललं.

२४ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस मंगळवार पेठेत होते. सासूबाईंनी तांबडा-पांढरा रस्सा केला, अभिरामनं गल्लीतल्या सगळ्यांना बायको आल्याचं सांगितलं. तेजस्वी सारखी मागे. तिची एक सवय आहे, काही हवं असलं की माझ्या गुडघ्याला धरून ओढते. आई भूक लागली, आई गोष्ट सांग, आई इकडं बघ. मी सगळं दिलं. संध्याकाळी ती आजीला म्हणाली की आई बघते पण दिसत नाही. अभिरामनं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. आरशापुढं उभी राहून उंदरासारखे स्वतःचे डोळे, गाल तपासले. शून्य.

सोमवारी सकाळी निघायचं होतं, मी आजच दुपारची गाडी धरून परत आले.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

विचित्र झालं. दुपारची धार चालू होती, मी खिडकीत उभी होते. मोना पेंढ्याचं रेडकू चाटत होती, सरसर आवाज येत होता. खाली बघितलं तर ब्लाउज ओला. दोन महिने झाले गोळ्या घेऊन, दूध आटलेलं होतं. दुखलं नाही, भरून आल्यासारखंही नाही. आतून काही न विचारता अंगानं आपलं आपण सोडून दिलं.

पदर ओढून घेतला. समोर दावणीच्या टोकाला आक्का उभ्या होत्या, त्यांनी बघितलं. 

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मोनाच्या शेजारची म्हैस व्यायली. रेडा झाला, जिवंत, धडधाकट, कपाळावर पांढरा ठिपका. मी म्हटलं, चला, एक तरी खरं रेडकू बघायला मिळालं. आणि हे लिहिताना लक्षात आलं की आल्यापासून मी खरोखरच एकही बघितलं नव्हतं. प्रत्येक म्हशीपुढं ठेवतात ते आक्कांच्या हातचंच. ती सगळी मागच्या सोप्यात भिंतीला टेकवून ओळीनं उभी असतात.

आक्कांनी जुनं एक आणून त्या नव्या म्हशीपुढं ठेवलं. पिल्लू जिवंत असताना. मला वाटलं विसरल्या असतील. म्हशीनं दोन्ही हुंगली. मग तोंड पेंढ्याकडं वळवलं आणि चाटत राहिली. खरं रेडकू धडपडत मागून सडाशी गेलं, तर तिनं लाथ घातली. ते पडलं, उठलं, परत गेलं. परत लाथ. दुसऱ्यांदा ते ओरडलं नाही.

मी आक्कांना विचारलं, असं का.

"जित्तं मागतंय," त्या म्हणाल्या. "ह्ये मागत न्हाय. ह्याच्यापाशी आई निवांत ऱ्हाते."

मी तपासणीचा कागद काढला. म्हैस शांत आहे, खातेय, रवंथ करतेय. सगळ्या खुणा बरोबर. रेडकासाठी रकानाच नाही. नियम दूध देणाऱ्या जनावराचे आहेत.

३० नोव्हेंबर, शनिवार

ठिपकेवालं दिसत नाही. विकलं, असं कृष्णात म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता वैरण टाकायला लागला.

घरी गेले नाही. काम आहे असं अभिरामला कळवलं. तेजस्वीनं फोन घेतला आणि बराच वेळ बोलत होती. धार चालू होती, त्यामुळं मला नीट ऐकू आलं नाही.

आक्का खोलीत आल्या. आल्या त्या पलंगावर बसल्या आणि सरळ विचारलं, बाळाचं काही ठेवलंय का. मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बॅगेच्या तळाशी टोपडं आहे, त्याला अजून वेखंडाचा वास येतो. धुतलं का, असं विचारलं. नाही म्हटलं. त्यांनी हात पुढं केला. मी दिलं. का दिलं ते सांगता येणार नाही, पण देताना काही वाटलं नाही एवढं खरं.

३ डिसेंबर, मंगळवार

कंपनीची माणसं तपासणीला आली होती. बूट न काढता गोठा फिरली, फोटो काढले. इतका शांत गोठा बघितला नाही असं म्हणाली. माझं कौतुक केलं, पैकीच्या पैकी गुण दिले. अमरसिंहांनी पेढे वाटले.

पाहुणे गेल्यावर मागच्या सोप्यात गेले. ओळीत एक नवं उभं आहे. लहान. कपाळावर पांढरा ठिपका. शिवण अजून ओलसर आहे.

आज भीती वाटली. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं. आणि लगेच गेलं.

५ डिसेंबर, गुरुवार

जेवून खोलीत आले तर पलंगावर होतं.

मऊ कातड्याची लहान गुंडाळी. माझ्या बाळाच्या मापाची. आत पेंढा, दाबलं की किर्र वाजतं. तोंडाच्या जागी काही नाही, नुसता गोल. त्यावर माझ्या बाळाचं टोपडं घट्ट बांधलेलं. गाठ मी मारायची तशीच.

बाहेर फेकणार होते. उचललं, आणि वेखंडाचा वास आला.

रडले. सप्टेंबरपासून पहिल्यांदा. दुपारभर.

डॉक्टरांना फोन करून सांगायला हवं होतं की रडू आलं म्हणून. कशापुढं आलं ते विचारतील. केला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

गेले नाही घरी.

आक्कांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पाळणा आहे. पाळण्यात गुंडाळी, काळी पडलेली, चाटून चाटून गुळगुळीत. अंगडं फाटलंय, तिथून जुना पेंढा दिसतो. आक्का पाळण्याची दोरी धरून निवांत बसल्या होत्या. चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नव्हती. मी त्यांना गुण दिले असते तर पैकीच्या पैकी.

मागे वळले तर अमरसिंह. उंबऱ्याच्या बाहेरच उभे. आईच्या खोलीत ते पाय टाकत नाहीत, हे आता कळलं. मला अंगणात नेऊन पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. त्यांच्या आधी एक भाऊ झालेला, तो गेला. मग त्यांच्या आजीनं हे करून सुनेला, म्हणजे आक्कांना दिलं, म्हणजे सून रडायची थांबेल. सून थांबली. नंतर अमरसिंह झाले, आणि भूक लागली की याच दारात येऊन उभे राहायचे.

"मला म्हशीनं न्हाय मारलं, मॅडम," ते म्हणाले. "तुमी आजच्या आज घरी जावा. पोरगी हाय तुमची."

खूण बघितली कपाळातली. टाचेएवढी आहे.

मी हो म्हटलं.

९ डिसेंबर, सोमवार

निघाले होते. खरंच. बॅग भरली, गुंडाळी पलंगावर ठेवली, तोंड फिरवून बाहेर पडले. उसातून फाट्यापर्यंत गेले. तेजस्वीचा चेहरा आठवत होते, एकेक भाग मुद्दाम. भुवया. पुढचा पडलेला दात. बस लांबून दिसली.

मागे गोठ्यात धार सुरू झाली. इतक्या लांब ऐकू यायचं कारण नाही. मला आलं. छाती भिजली. दुखायला लागलं, असं की बॅग खाली ठेवावी लागली —

बस थांबली होती. कंडक्टर काहीतरी विचारत होता.

परत आले. ती पलंगावर होती, ठेवली तशीच. मागत नव्हती.

१० डिसेंबर

अभिरामचा फोन. मग परत. शनिवारी दत्तजयंती, आईला नृसिंहवाडीला सोडून तेजस्वीला घेऊन इकडं येतो म्हणाला. ती रोज विचारते म्हणाला. घ्यायला येतो तुला, बास झालं आता.

ये म्हटलं. येऊ दे. आलाच पाहिजे. त्यानं मला हाताला धरून गाडीत घातलं तर —

आक्का दारात ऐकत होत्या. हसल्या. मायेनं.

११ डिसेंबर

जिभेवर मीठ आहे.

दुपारी जागी झाले तेव्हा टोपडं ओलं होतं. मी केलेलं नाही. मी —

खिडकीतून मोना बघत होती. चाटायची थांबून. ओळखीचं बघावं तसं.

१२ डिसेंबर

ही गुंडाळी जाळते असं ठरवलं. काडी ओढली. हातात होती, विझेपर्यंत. बोट भाजलं, कळलं नाही.

तेजस्वीचा फोटो बघितला. लहान मुलगी आहे. दात पडलाय.

हिला काय हवंय माझ्याकडून.

१३

भूक नाही. तहान नाही. गैरसोय नाही. दुखत नाही, जवळ घेतली की दुखत नाही. भीती होती ती पण — चार झाल्या. पाचवी सुद्धा. स्वभावाप्रमाणे —

हरकत नाही असं मीच लिहून दिलंय.

अमरसिंह खिडकीशी येऊन काहीतरी सांगत होते. रडत होते वाटतं. एवढा मोठा माणूस.

१४

गाडी वाजली. आपलीच.

अभिरामचा आवाज अंगणात. अमरसिंह त्याला लवकर, लवकर म्हणतायत. पोरीला धरा, आत सोडू नका असं —

दार ढकललं. लहान आहे. उन्हात उभं आहे, चेहरा दिसत नाही.

आई म्हणतंय.

मांडीवर ही निवांत आहे. हलू नये. लिहीत राहिलं की ते जाईल.

गेलं नाही. जवळ आलं. भूक लागली म्हणतंय. आई इकडं बघ म्हणतंय. किती मागतं — जित्तं किती मागतं —

गुडघ्याला धरलंय. हात गरम. ओढतंय.

अभिराम, धाव, पोरीला घे — हिला — माझा पाय आपला आपण उच